पाऊण फेरा

"जुन्या फिल्टरचं रबर कुठंय?"

दादाने विचारलेला पहिला प्रश्न हा. पहिल्यांदाच गाडीचं ऑइल स्वतः बदलताना मी फोन लावला तेव्हा गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर लिटरभर नवंकोरं ऑइल पसरलं होतं आणि माझा हात कोपरापर्यंत माखला होता. मला त्याला पटवून द्यायचं होतं की मी सगळं नीट केलं आहे. जुनं ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला, ऑइल पुस्तिकेत लिहिलंय त्याच ग्रेडचं, ऑइल गाळणारा फिल्टर याच इंजिनाचा, आटेही सरळ लागले, कुठे अडलं नाही. तो ऐकून घेत होता आणि मध्येच त्याने हे विचारलं. बाजूला ठेवलेला जुना फिल्टर मी उचलला, तोंड वर करून पाहिला. तोंडाच्या कडेने एक गोल खाच असते, त्यात रबराची रिंग बसलेली असते. खाच रिकामी होती.

"इथे नाहीये."

"मग ते इंजिनालाच चिकटलेलं आहे. तू नवं रबर त्याच्या डोक्यावर बसवलंस. बोट फिरव, हाताला लागेल."

मी आडवी होऊन पुन्हा गाडीखाली सरकले, फिल्टर सोडवला आणि ज्या गुळगुळीत गोलावर तो टेकतो तिथे बोट फिरवलं. डोळ्यांना काही कळत नव्हतं. काळ्या ऑइलने माखलेला धातू आणि त्यावर काळं रबर. बोटाला मात्र कड लागली. नखाने उचकटायला गेले तर आधी हट्टाने बसून राहिलं, मग एकदम सुटून हातात आलं. चपटं, कडक, एका बाजूने काचेसारखं चकचकीत. नवं रबर बोटांत दाबलं की दबतं आणि परत फुलतं. हे वाकवलं तर तिथल्या तिथे मोडेल असं वाटत होतं. इंजिनाच्या उष्णतेने वर्षभर भाजलेलं रबर असंच होतं, दादा म्हणाला.

दोन रबरं एकावर एक आली की काय होतं ते तेव्हा नीट समजलं. फिल्टरच्या रबराला एका अंगाने खाच धरून ठेवते आणि दुसऱ्या अंगाला सपाट धातू असतो. दोन रबरं आली की मधला सांधा रबरावर रबर असा होतो आणि त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. इंजिन बंद असेपर्यंत थेंब गळत नाही, म्हणून संशयही येत नाही. चावी फिरवली, पंपाने दाब दिला, की वरचं रबर खालच्यावरून घसरून बाहेर फेकलं जातं. मग तोच पंप इंजिनाच्या तळच्या चेंबरमधलं ऑइल इमानेइतबारे उचलून जमिनीवर ओतत राहतो. मी इंजिन सुरू केलं, उतरले, वाकून पाहिलं आणि धावत जाऊन बंद केलं. आठ-दहा सेकंद झाले असतील. गाडीत एकूण ऑइल तीन लिटर. त्यातलं एक तेवढ्यात गेलं.

आणि डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा सुरुवातीला विझल्यावर पुन्हा लागलाच नव्हता. तो लागायचं कारणही नव्हतं. पुष्कळ जणांना वाटतं की तो दिवा ऑइल किती आहे ते सांगतो. तो दाबावर चालतो. पंपाला उचलायला ऑइल मिळतंय आणि वाटेत थोडा दाब टिकतोय तोवर तो विझलेलाच राहतो. तो पेटतो तेव्हा फिरत्या दांड्यांना आधार देणाऱ्या बेअरिंगांपर्यंत ऑइल पोचणं जवळपास थांबलेलं असतं. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि गाडी मी चौदा वर्षं चालवत होते.

---

हे काम मी स्वतः करायला का घेतलं, ते सांगायला हवं.

त्याच्या आदल्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर पकड मोजायच्या यंत्राची मूठ हातात दिली. डाव्या हाताचा काटा २४ किलोवर गेला, उजव्याचा ९ वर थांबला. व्यायामाने तो हळूहळू वाढेल असं सांगितलं, आणि तो वाढलाही. पण त्या मधल्या काळात मला एक वाईट सवय लागली. मी सगळंच जास्त आवळायला लागले. नळ, बाटल्यांची झाकणं, खिडकीची कडी, सायकलच्या सीटचा खटका. उजवा हात कमी पडतोय ही धास्ती मनात, म्हणून प्रत्येक गोष्टीला डाव्या हाताची भर घालून आणखी एक पीळ द्यायचा. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर त्यापायी कापला गेला. घरात कुणी काही बोललं नाही, पण बाटल्या उघडताना चेहरे दिसायचे.

हाताला पूर्वी एक गोष्ट आपोआप कळायची: आता बसलं, आता पुरे. मनगटाबरोबर ते कळणंच मोडलं होतं. हाड जुळलं तरी ते परत येईना. म्हणून मला हातांनी करायचं असं काम हवं होतं ज्यात पुरेसं म्हणजे किती याला निश्चित उत्तर असेल. गाडीचं ऑइल बदलायची वेळ झालीच होती. मी पुस्तिका काढून वाचली. त्यात लिहिलं होतं, फिल्टर हाताने घट्ट करा.

कुणाच्या हाताने? मी ते वाक्य तीनदा वाचलं. २४ किलोच्या की ९ किलोच्या?

मग नव्या फिल्टरच्या डब्यावर पाहिलं. तिथे एका हाताचं चित्र, एक वाकडा बाण आणि ३/४ असा आकडा. डब्याच्या कडेने सारख्या अंतरावर १, २, ३, ४ असेही छापलेले. खोक्यावर खुलासा होता: रबर इंजिनाला टेकेपर्यंत फिरवा, आणि टेकल्यापासून पुढे पाऊण फेरा द्या. टेकताना समोर १ आला असेल, तर ४ समोर आला की थांबा.

यात जोराचा उल्लेखच नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं एवढंच. त्यातली करामत कळायला पुढचे काही महिने गेले.

---

त्या पहिल्या दिवशी जुना फिल्टर काढताना माझे हाल झाले. आमच्या गाडीत तो इंजिनाच्या मागच्या अंगाला, सायलेन्सरच्या पाइपाच्या शेजारी, हात जेमतेम जाईल एवढ्या फटीत आहे. हाताने तो हलला नाही. डाव्याने नाही, दोन्हींनी नाही, फडकं गुंडाळून नाही, खरखरीत कागद लावूनही नाही. मग पट्ट्याचा पाना आणला. पट्टा ऑइलवरून घसरला, पुन्हा लावला, पुन्हा घसरला, आणि तिसऱ्या वेळी डबा एका बाजूने चेपला. पत्र्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून त्याचा दांडा करून फिरवायची एक जुनी पद्धत आहे. तशी वेळ आलीच तर हात दुखला तरी थांब, असं दादाने आधीच बजावलं होतं. पत्रा पातळ असतो. तो फाटला की डबा हातात येतो आणि आट्यांची जाड चकती इंजिनावर तशीच राहते, मग ती काढायला धरायचं कुठे? शेवटी फिल्टरच्या बुडावर टोपीसारखा बसणारा पाना मिळवला. त्याने तो एकदाचा कुरकुरला आणि फिरला.

मला त्या क्षणी आनंद झाला नाही, राग आला. आदल्या वर्षीचं ऑइल एका गॅरेजात बदललं होतं. तिथल्या कुणीतरी पान्याने मरेस्तोवर आवळून ठेवला, पुढच्या माणसाचा विचार केला नाही, असं मी ठरवून टाकलं. त्या रागाच्या भरात डबा ओढून बाहेर काढला, बाजूला ठेवला आणि नवा हातात घेतला. डब्याचं तोंड पाहिलं नाही. इंजिनाचा गोल पुसला नाही. पुढचं वर सांगितलंच आहे.

---

गळतीच्या दुसऱ्या आठवड्यात दादाचा पुन्हा फोन आला. तो जहाजावर इंजिनात असतो. तिथे ऑइल टनांत मोजतात, आणि मोठ्या इंजिनातलं ते ऑइल आपल्यासारखं ठरावीक काळाने ओतून देत नाहीत. भन्नाट वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून ते सतत फिरवून त्यातली घाण आणि पाणी वेगळं काढतात आणि तेच पुन्हा वापरतात. त्याला आमच्या तळहातात मावणाऱ्या फिल्टरचं भारी कौतुक.

"जुना टाकलास का? टाकू नको. कापून बघ," तो म्हणाला. "पण करवत नको लावूस."

छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांचे फिल्टर असे कापून तपासायची पद्धतच आहे, इंजिनाची तब्येत त्यावरून कळते. आणि करवत नको, कारण करवतीचा चुरा घड्यांत पडतो आणि मग तो इंजिनाचा झिजलेला धातू समजून आपण घाबरतो. मी डब्याभोवती गोल फिरवायचा चाकाचा कटर मागून आणला. ऑइल निथळायला फिल्टर दिवसभर तोंड खाली करून ठेवला आणि संध्याकाळी कापला.

आत आधी दिसला तो कागद. गोल पन्हाळ्यांसारख्या उभ्या घड्या, मधोमध भोकं पाडलेली पत्र्याची नळी. घड्या मी मोजल्या, ५२ भरल्या. एक घडी धरून ओढली तर पंख्यासारखा उलगडत गेला आणि मीटरभराच्या वर पसरला. तळहातात मावणाऱ्या डब्यात एवढा कागद! हाताला जाडसर, रेझिनमध्ये मुरवलेला, ओल्या पुठ्ठ्यासारखा.

ऑइल बाहेरच्या बारीक भोकांच्या कड्यातून आत येतं, कागदाच्या बाहेरून आत झिरपतं, मधल्या नळीत जमतं आणि आट्यांच्या मोठ्या भोकातून इंजिनाकडे जातं. तिथून वाटा फुटतात, क्रँकच्या म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या बेअरिंगांकडे, वर झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे, टॅपेटांकडे. आणि मग सगळं ओघळून परत चेंबरमध्ये. रस्त्यावर वेगात असताना तीनच्या तीन लिटर मिनिटाला कित्येकदा या घड्यांमधून जातात. चांगल्या फिल्टरचा कागद साधारण २० ते ३० मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे, बहुतेक कण धरून ठेवतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये जिथे सगळ्यात जास्त भार पडतो, तिथला ऑइलचा थर तर काही मायक्रॉनचाच. त्या थरावर अख्खं इंजिन तरंगतं. धातूला धातू लागत नाही, निदान लागू नये अशी योजना असते.

मी कागदाची एक पट्टी दोन फळ्यांत दाबून निथळवली आणि उन्हात तिरपी धरली. तिच्यावर काळा थर. तिच्यात चार-सहा ठिपके चमकले. लोहचुंबक फिरवलं, एकही उचलला गेला नाही. म्हणजे लोखंड नव्हे, अॅल्युमिनियम असावं. एवढं असतंच, दादा म्हणाला. तांब्याच्या रंगाचं काही दिसलं असतं तर बेअरिंगांची काळजी करायची, आणि हाताला लागतील असे लोखंडी कीस असते तर गाडी हलवायचीही नाही. ऑइल काळं झालंय म्हणून मात्र घाबरायचं नाही. ऑइलमध्ये घातलेली द्रव्यं काजळी गोळा होऊ न देता तरंगती ठेवतात, त्याने ते काळं दिसतं. काळं होणं हे ते काम करत असल्याचंच लक्षण.

कागदाच्या तोंडाशी रबराची एक पातळ टोपी होती, बाहेरून आत येणाऱ्या ऑइलला वाट देणारी आणि परत जाताना मिटणारी. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल ओघळून खाली जाऊ नये म्हणून ती असते, कारण बऱ्याच गाड्यांत फिल्टर आडवा किंवा तिरका बसवलेला असतो. ही टोपी कडक झाली की फिल्टर रात्रभरात रिकामा होतो आणि सकाळी इंजिन सुरू केलं की पहिली एक-दोन सेकंद वरून टकटक ऐकू येते. तो आवाज आमच्या गाडीत यायचा. मी त्याला गाडीचं वय समजून सोडून देत होते.

आणि डब्याच्या बुडाशी एक स्प्रिंग, तिच्यावर एक छोटी झडप. ही हातात घेऊन मी बराच वेळ बसले.

कागद घाणीने तुंबला, किंवा कडाक्याच्या थंडीत ऑइल इतकं दाट झालं की घड्यांतून जाईना, तर ही झडप उघडते. कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात साधारण एक बारचा, म्हणजे जवळपास हवेच्या दाबाएवढा, फरक पडला की स्प्रिंग दबते आणि ऑइल न गाळताच सरळ इंजिनाकडे जातं. काही इंजिनांत ही झडप फिल्टरमध्ये नसून इंजिनातच असते, पण असते. म्हणजे गाळणं हेच ज्याचं एकमेव काम, त्याच्याच पोटात न गाळता सोडून द्यायची सोय करून ठेवलेली. ज्यांनी हे आखलं त्यांनी एक प्रश्न टाळला नाही: घाण ऑइल मिळावं की ऑइलच मिळू नये? घाण ऑइलने इंजिन झिजत झिजत वर्षानुवर्षं चालतं. ऑइल नसेल तर ते मिनिटांत जाम होतं. हे उत्तर त्यांनी एका स्प्रिंगच्या ताठरपणात घालून ठेवलंय, अगदी ग्रॅम-ग्रॅम मोजून. शुद्धतेचा आग्रह कुठवर धरायचा आणि कुठे सोडायचा, याचा इतका स्वच्छ निर्णय मी माणसांच्या व्यवहारात फार कमी वेळा पाहिलाय.

मोटारींना फिल्टर नसायचे असाही काळ होता. सुरुवातीच्या गाड्यांत पंपाच्या तोंडाशी जाळी असली तर असायची, आणि ऑइल थोड्या थोड्या अंतराने ओतून द्यावं लागे. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ यांनी मोटारीच्या ऑइल फिल्टरचं पेटंट घेतलं. नाव ठेवलं प्युरोलेटर. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे नंतरही शुद्ध राहणारं ऑइल, याचं ते लघुरूप. ते फिल्टर सगळं ऑइल गाळत नसत. थोडासा भाग बाजूच्या वाटेने गाळून परत चेंबरमध्ये सोडत. सगळंच्या सगळं ऑइल इंजिनाकडे जाण्याआधी गाळायची रचना पुढची, आणि अख्खा डबा फिरवून काढायचा-बसवायचा ही सोय त्याच्याही पुढची, १९५० च्या दशकातली. त्याआधी एक मोठं भांडं उघडून आतला गाळ खरवडून काढायचा आणि फक्त आतली गुंडाळी बदलायची. आजही काही नव्या इंजिनांत तसं भांडं परत आलंय, पत्रा वाया जाऊ नये म्हणून. झाकण प्लास्टिकचं, आत नुसता कागद. त्याचं झाकण किती आवळायचं ते त्या झाकणावरच लिहिलेलं असतं, आणि तिथे पाऊण फेऱ्याचा नियम चालत नाही. माझा अनुभव डब्याच्या फिल्टरचा आहे, आणि मी त्याविषयीच बोलतेय.

---

पाऊण फेऱ्याचा हिशोब मी एका रात्री कागदावर मांडला. आमच्या फिल्टरचे आटे २० मिलिमीटर व्यासाचे आहेत आणि दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. म्हणजे पूर्ण फेऱ्याला फिल्टर दीड मिलिमीटर आत सरकतो आणि पाऊण फेऱ्याला त्याच्या पाऊणपट. दीडाचे पाऊण, सव्वा मिलिमीटरही भरत नाहीत. पुष्कळ फिल्टरांचे आटे पाऊण इंची असतात, इंचाला १६. तोही हिशोब मी केला. तोही सव्वाच्या आतच येतो.

तेवढंच रबर दाबायचं असतं. सव्वा मिलिमीटरही नाही. रस्त्यावरचे तीन-चार बार दाब आणि थंड इंजिनातला त्याहून जास्त दाब त्या चिमटीएवढ्या दबलेपणावर थोपून राहतो. जास्त दाबलं तर जास्त टिकेल असं नाही. रबर चिरडलं जातं, खाचेबाहेर फुगतं, पत्र्याची कड वाकते, आणि वर्षाने काढणाऱ्याचे हाल होतात. कमी दाबलं तर पाझरतं.

जोराऐवजी फेरा मोजायचं कारण इथे आहे. जोर हा हाताचा असतो. माझा वेगळा, दादाचा वेगळा, सकाळचा वेगळा, थकल्यावरचा वेगळा. रबर कोरडं असेल तर ते धातूला धरून ठेवतं आणि फिल्टर पुरेसा बसायच्या आतच हाताला घट्ट लागतो. म्हणूनच बसवण्याआधी रबरावर नव्या ऑइलचं बोट फिरवायचं असतं. आट्यांचं अंतर मात्र कुणाच्या हातावर अवलंबून नाही. पाऊण फेरा कुणीही दिला तरी रबर तेवढंच दबतं. ज्याने कुणी डब्यावर तो आकडा छापायचा ठरवला, त्याने प्रत्येकाच्या मनगटाला एकच माप दिलं. माझ्या मोडक्या मनगटालाही.

हे कळल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ बंद करून पाहिला. पाणी थांबलं. मी हात काढून घेतला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.

---

पुढच्या वर्षी पुन्हा गाडीखाली गेले. या वेळी फिल्टर मीच बसवलेला होता, गळतीनंतर, जुनं रबर काढून, गोल लख्ख पुसून. टेकला तिथे मार्करने खूण, तिथून पाऊण फेरा मोजून दुसरी खूण. पाना लावलेलाच नव्हता. उजव्या हाताने धरून, डाव्याने साथ देत बसवला होता. त्यामुळे काढायला तो हाताने निघेल याबद्दल मला शंकाच नव्हती.

तो हलला नाही.

मी दोन्ही हात लावले. फडकं लावलं. शेवटी तोच टोपीसारखा पाना लावला आणि तो तसाच कुरकुरत, आदल्या वर्षीसारखाच, सुटला. मी तिथेच पाठीवर पडून राहिले. माझ्या खुणा दोन्ही जागच्या जागी दिसत होत्या, फिल्टर केसभरही पुढे सरकलेला नव्हता. घट्ट झालं होतं ते रबर. वर्षभर रोज तापायचं, रोज निवायचं, दाबाखाली राहून धातूला चिकटत जायचं. बसवताना लागलेल्या जोरापेक्षा काढताना लागणारा जोर कितीतरी जास्त असतो. त्यात बसवणाऱ्याचा दोष असतोच असं नाही.

म्हणजे ज्या माणसावर मी वर्षभर रागावले होते, त्याने कदाचित बरोबर पाऊण फेराच दिला असेल. रबराला ऑइलचं बोट लावलं असतं तर ते इतकं चिकटलं नसतं, असं म्हणता येईल. पण लावलं नव्हतं हे तरी मला कुठे माहीत आहे? दादाला मी हे फोनवर सांगितलं.

"अगं, सगळ्यांना आधीच्याचाच राग येतो," तो म्हणाला. "जहाजावरसुद्धा. मागचा माणूस उतरून गेलेला असतो ना."

मी जुन्या फिल्टरचं तोंड पाहिलं. रबर खाचेत होतं.

---

आता मी हे काम कशी करते ते थोडक्यात. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करते, फार गरम नाही. कोमट ऑइल पातळ होऊन पुरतं निथळतं आणि हात भाजत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण्या, आणि पुढचं तोंड रॅम्पवर किंवा गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्यांवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी बोटही घालत नाही, आणि कुणीच घालू नये. हातमोजे घालते, वापरलेलं ऑइल वरचेवर कातडीला लागणं चांगलं नव्हे. वर ऑइल घालायचं झाकण आधी उघडते, म्हणजे खालून धार मोकळी येते. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, तो दबूनच सील धरतो आणि एकदा दबला की पुन्हा तेवढाच विश्वासाचा राहत नाही.

फिल्टर काढला की पहिल्यांदा त्याचं तोंड बघते. मग इंजिनाचा गोल पुसते, आणि पुसल्यावर बोट फिरवते. डोळ्यांवर सोडत नाही. नवा फिल्टर आट्यांवर लावताना आधी उलट दिशेने किंचित फिरवते, आटा आट्यात टक्‌ करून बसल्याचं जाणवतं, आणि मग सरळ फिरवते. टेकला की खूण. पाऊण फेरा. दुसरी खूण.

ऑइल पुस्तिकेतल्या मापापेक्षा थोडं कमी ओतते. इंजिन सुरू केल्यावर लाल दिवा दोन-तीन सेकंद जास्त जळतो, रिकामा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो. तो विझेपर्यंत अॅक्सिलरेटरला पाय लावत नाही. गाडीखाली बॅटरीचा उजेड टाकून फिल्टरच्या कडेवर अर्धं मिनिट नजर ठेवते, मग बंद करून पाच मिनिटं थांबते आणि ऑइल मोजायची पट्टी पुसून पातळी बघते. फिल्टरने पाव लिटरभर पिऊन टाकलेलं असतं, तेवढी भर घालते. मार्करने डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहिते. पुढच्या वर्षी तिथे कुणीही हात घालो, त्याला ते दिसावं.

या वेळी सगळं संपायला सव्वा तास लागला. उजव्या हाताचा काटा आता २१ वर जातो.

जुनं ऑइल नरसाळ्याने कॅनमध्ये भरलं, निथळलेला फिल्टर पिशवीत बांधला. वापरलेलं ऑइल गोळा करतात तिथे ते पोचवायचं होतं. ते गटारात किंवा मातीत जाता कामा नये. कॅन सांडू नये म्हणून शेजारच्या सीटवर उभा ठेवला, त्याला सीटबेल्ट लावला. चावी फिरवली. वरून टकटक आली नाही. दिवा विझला, आणि नवं ऑइल पोटात घेतलेली गाडी आपलंच वर्षभराचं जुनं ऑइल शेजारी बसवून निघाली. वळणावर कॅनमध्ये ते डचमळल्याचा आवाज येत होता.